टँकरचे पाणी भरल्यापासून सोसायटीच्या तलावाचे पाणी दुधाळ झाले आहे. तलाव रिकामा करावा लागेल का?

उंड्रीकर

नमस्कार. उंड्री येथील आमच्या सोसायटीचा पोहण्याचा तलाव १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल आहे. मुलांच्या परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, पातळी खाली गेली म्हणून बोअरच्या पाण्याचे तीन टँकर तलावात सोडले आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी ताकासारखे पांढरट दिसू लागले. देखभालीच्या कंत्राटदाराने चार दिवस रोज ब्लीचिंग पावडर टाकली आणि दोनदा तुरटीही फिरवली, तरी फरक पडला नाही. उलट मुलांचे डोळे चुरचुरतात आणि क्लोरीनचा वास आधीपेक्षा उग्र येतो. चाचणीच्या डबीत पाणी व्यवस्थित पिवळे होते, म्हणजे क्लोरीन पुरेसे आहे, असे कंत्राटदाराचे म्हणणे आहे. आता तो तलाव रिकामा करून नव्याने भरायला सांगतो आहे. पिण्याच्या पाण्यासाठीच रोज टँकर मागवावे लागत असताना दहा हजार लिटरचे चौदा-पंधरा टँकर तलावासाठी आणणे मला पटत नाही. याला दुसरा मार्ग आहे का?

निवळी

तलाव रिकामा करू नका. मात्र काठावर उभे राहून तळाची जाळी स्पष्ट दिसत नाही तोपर्यंत तो सर्वांसाठी बंद ठेवा, कारण अशा पाण्यात कोणी तळाशी गेले तर वर उभ्या असलेल्या जीवरक्षकालाही ते दिसणार नाही.

औषध टाकणे आजच थांबवा आणि आधी मोजमाप घ्या. पिवळा रंग देणारी डबी एकूण क्लोरीन दाखवते. त्यातले किती मोकळे आहे आणि किती घाम व लघवीतल्या नत्रयुक्त घटकांशी जोडले जाऊन निकामी झाले आहे, हे तिच्यातून कळत नाही. डोळे चुरचुरणे आणि उग्र वास ही बहुतेक वेळा त्या जोडल्या गेलेल्या क्लोरीनचीच लक्षणे असतात. म्हणून गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी घ्या आणि पीएच, एकूण क्षारता (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) व जडपणा (त्यात विरघळलेले कॅल्शियमसारखे क्षार) हेही मोजा.

तोवर घरी एक साधा प्रयोग करता येईल. काचेच्या पेल्यात तलावाचे पाणी घ्या, त्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर सोडा आणि ढवळून पेला उजेडासमोर धरा. पाणी डोळ्यांदेखत निवळले तर गढूळपणा चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा आहे. तसेच राहिले तर माती, शेवाळ किंवा सेंद्रिय घाण आहे असे समजावे. लिंबू वापरू नका, त्याचा रस स्वतःच गढूळ असतो.

माझा संशय चुन्यावरच आहे. बोअरचे पाणी जड असते, त्यात ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन जेमतेम एकतृतीयांश आणि उरलेला बराचसा भाग चुना असतो. ती थेट तलावात टाकली की पीएच चढतो आणि न विरघळलेला चुना पाण्यात तरंगत राहतो. नाइलाजाने वापरायचीच असेल तर ती बादलीत कालवून रात्रभर ठेवावी आणि वरची निवळ तेवढी घ्यावी.

उंड्रीकर

मनापासून आभार. व्हिनेगर टाकताच पेल्यातले पाणी जवळजवळ स्वच्छ झाले. बारीकशी धूसर छटा मात्र राहिली. आज मोजलेले आकडे असे: पीएच ८.२, एकूण क्षारता २२०, जडपणा ४८०, मोकळे क्लोरीन ०.५ आणि एकूण क्लोरीन १.५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम).

निवळी

या आकड्यांवरून सगळा उलगडा होतो. पीएच ७.२ ते ७.६, क्षारता ८० ते १२० आणि जडपणा २०० ते ४०० च्या आसपास असावा. तुमच्याकडे तिन्ही वर आहेत, शिवाय एप्रिलच्या उन्हाने पाणी कोमट झाले आहे, आणि कॅल्शियम कार्बोनेट साखरेच्या उलट वागते: पाणी जितके गरम, तितके ते कमी विरघळते. चढ्या पीएचचा फटका क्लोरीनलाही बसतो. पीएच ७.५ असताना मोकळ्या क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग जंतू मारणाऱ्या हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, ८.२ ला तो पाचव्या हिश्श्याहूनही कमी उरतो. तुरटी लागू न पडण्याचे कारणही हेच आहे, कारण इतक्या चढ्या पीएचला तिचे घाण धरून खाली बसणारे पुंजके नीट जमत नाहीत आणि तिच्यातले ॲल्युमिनियम काही अंशी विरघळलेलेच राहते.

तेव्हा पहिले काम पीएच खाली आणण्याचे. तुमच्या तलावात साधारण १४४ घनमीटर, म्हणजे १ लाख ४४ हजार लिटर पाणी आहे. इतक्या पाण्याचा पीएच ८.२ वरून ७.५ वर आणायला, क्षारता २२० असताना, बाजारात मिळणारे तीस-बत्तीस टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक ॲसिड अंदाजे तीन लिटर लागेल. ते एकदम ओतू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या आणि त्यात ॲसिड सोडा, उलट कधीही करू नका. मग पंप चालू असताना खोल बाजूने कडेकडेने दीड लिटर द्या, चार तासांनी पुन्हा मोजा आणि त्यानंतरच उरलेले घाला. पुढचे काही दिवस पीएच पुन्हा वर सरकेल, त्याने घाबरू नका. प्रत्येक वेळी थोडे थोडे ॲसिड दिले की क्षारताही उतरत जाते. तुमच्या तलावात तीन लिटर ॲसिडमागे ती सुमारे दहाने कमी होईल, यावरून हे काम किती धीराचे आहे ते लक्षात येईल.

जोडलेले क्लोरीन १.५ वजा ०.५ म्हणजे १ पीपीएम आहे. ते मोडून काढण्यासाठी त्याच्या दहापट, म्हणजे १० पीपीएम क्लोरीन एकाच वेळी द्यावे लागते. दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट इथे नको, त्याने जडपणा आणखी वाढेल. दहा टक्क्यांचे द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट सुमारे पंधरा लिटर घ्या, ताज्या साठ्यातले घ्या, कारण उन्हाळ्यात त्याची ताकद झपाट्याने उतरते, आणि सूर्यास्तानंतर टाका. ॲसिडनंतर किमान काही तास जाऊ द्या, कारण दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

फिल्टरवाला

रसायनांचे वरील विवेचन योग्य आहे, पण तरंगणारा चुना पाण्याबाहेर काढणार तो शेवटी फिल्टरच, आणि सोसायट्यांमध्ये त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते असा माझा अनुभव आहे. धुतलेल्या फिल्टरवर गेज किती दाब दाखवते हे रंगाने टाकीवर लिहून ठेवा. दाब त्यापेक्षा अर्धा बार वाढला की बॅकवॉश घ्या, म्हणजे पाणी उलट दिशेने सोडून फिल्टरची वाळू धुवा, आणि बाहेर जाणारे पाणी दाखवणाऱ्या काचेतले पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, म्हणजे तीन ते पाच मिनिटे, तो चालू द्या. दोन मिनिटांत घाईने व्हॉल्व्ह फिरवला तर सुटलेली घाण परत तलावात येते. व्हॉल्व्ह फिरवण्याआधी पंप बंद करणे अनिवार्य आहे.

एकदा टाकी उघडून वाळूत हात घालून पाहा. गेल्या वर्षी मी उघडलेल्या एका फिल्टरमध्ये वाळूचे नारळाएवढे गोळे निघाले होते, आणि हातात घेतल्यावर खोबरेल तेलाचा वास येत होता. तेल लावलेल्या केसांनी, अंघोळ न करता मुले उतरतात आणि ते सारे तेल वाळूत साचते. मग पाणी गोळ्यांच्या मधल्या भेगांतून न गाळताच निघून जाते. गोळे झाले असतील तर वाळू बदलावी.

पाणी निवळेपर्यंत पंप दिवसरात्र चालवा. तलावाइतके पाणी एकदा फिल्टरमधून गेले म्हणजे सगळे पाणी गाळले गेले असे होत नाही, कारण गाळलेले आणि न गाळलेले पाणी सतत मिसळत राहते. एका फेरीत सुमारे ६३ टक्के आणि तीन फेऱ्यांत ९५ टक्के पाणी फिल्टरमधून जाते. तुमचा पंप तासाला २४ घनमीटर पाणी फिरवत असेल तर एक फेरी सहा तासांची होईल.

कोथरूडची_आजी

तुरटीविषयी थोडे लिहिते. आमच्या घरी पावसाळ्यात पिण्याच्या हंड्यात तुरटी फिरवत, पण फिरवल्यावर हंड्याला कोणी हात लावायचा नाही आणि तळाचे चार बोटे पाणी झाडांना जायचे, हा नियम होता. तलावालाही तोच न्याय लागतो. मी निवृत्तीपूर्वी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे अंदाजाने तुरटी टाकलेली मला बघवत नाही.

पीएच ७.५ च्या खाली आल्यावर एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम तुरटी विरघळवा. चार पारदर्शक बाटल्यांत तलावाचे एकेक लिटर पाणी घेऊन त्यांत या द्रावणाचे अनुक्रमे १, २, ३ आणि ४ मिलिलिटर इंजेक्शनच्या सिरिंजने टाका, हलक्या हाताने ढवळा आणि अर्धा तास ठेवा. ज्या बाटलीत सर्वांत कमी तुरटीत पांढरे पुंजके धरून खाली बसतात ते तुमचे प्रमाण. दोन मिलिलिटरची बाटली निवळली तर घनमीटरला २० ग्रॅम, म्हणजे तुमच्या तलावाला सुमारे २.९ किलो. विरघळवलेली तुरटी फिल्टर वगळून पाणी फिरवत पसरवा, पंप बंद करून रात्रभर पाणी स्थिर ठेवा आणि सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट गटारात काढा. तो गाळ फिल्टरमध्ये जाऊ देऊ नका.

उंड्रीकर

सर्वांना कळवायला आनंद होतो की आज सहाव्या दिवशी खोल बाजूच्या जाळीची एकेक पट्टी काठावरून मोजता येते. पीएच ७.४ आहे, जोडलेले क्लोरीन ०.२ वर आले आहे, क्षारता अजून १७० आहे. बाटल्यांच्या प्रयोगात दोन मिलिलिटरचेच प्रमाण बसले. फिल्टरमध्ये गोळे निघाले, लहान होते, पण पुष्कळ होते. वाळू बदलायला सांगितली आहे. गाळ काढताना गेलेले पाणी भरण्यासाठी पुन्हा टँकर लागणार, म्हणून विचारतो: काय काळजी घ्यावी?

निवळी

टँकर आत सोडण्याआधी त्याच्या नळाखाली एक बाटली भरून जडपणा आणि पीएच मोजा, आणि जडपणा तुमच्या तलावापेक्षा जास्त निघाला तर तो टँकर बागेकडे वळवा. मे महिन्यात पाणी उडून जाते आणि क्षार मागेच राहतात, त्यामुळे दर आठवड्याला मोजलेले आकडे वहीत लिहून ठेवा. जूनमध्ये जोराचा पाऊस तलावात पडला की क्षारता आणि जडपणा दोन्ही खाली येतील. तेव्हा ॲसिडचे प्रमाण लगेच कमी करा.