वाड्याचं दार, चार पाय, वर काच: हे अँटिक सेंटर टेबल कशाला?

ओटीवरून:
गंगापूर रोडला नवा फ्लॅट घेतलेल्यांच्या हॉलमध्ये सध्या एक वस्तू हमखास दिसते. जुन्या नाशकातल्या कुठल्याशा वाड्याचं दार आडवं घातलेलं, खाली लोखंडी पाय, वर जाड काच, कडी-कोयंडा तसाच. 'हे आमचं अँटिक सेंटर टेबल' अशी ओळख करून दिली जाते. मग चहा येतो आणि आपण कप कुठे ठेवतो याकडे घरातल्या सगळ्यांचं लक्ष.

माझं मत सरळ आहे. सेंटर टेबल 'अँटिक' घेण्याच्या भानगडीत पडू नये. हौस असेल तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं, साधं, सागवानी, एखाद्या घरात रोज वापरलेलं घ्यावं आणि आपणही रोज वापरावं.

कारण असं, की सोफ्यासमोर बुटकं टेबल ठेवायची चालच विसाव्या शतकातली. वाड्यात बैठक असायची: गादी, लोड, तक्के, फार तर चौरंग आणि पानाचा डबा. साहेबाच्या बंगल्यात सेंटर टेबल असे, पण ते खोलीच्या मधोमध आणि जवळजवळ जेवणाच्या टेबलाएवढं उंच, म्हणजे साधारण अडीच फूट. मग 'शंभर वर्षांपूर्वीचं', दीड फुटी टेबल येतं कुठून? बरेचदा करवतीखालून. उंच टेबलाचे पाय कापायचे आणि कापावर काळं पॉलिश फासायचं. घेण्याआधी टेबल उलटं करा आणि पायांचे तळ बघा. वर्षानुवर्षं फरशीवर सरकलेल्या पायाच्या कडा बोथट होतात, खाचांत मळ बसतो. कापलेल्या पायाची कड बोटाला टोचते.

'पेशवाई सेंटर टेबल' म्हणून जे विकतात त्यावर मी बोलत नाही.

देवळालीकर:
साफ असहमत. तुम्ही फसवणाऱ्यांचा राग वस्तूवर काढताय.

देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतून निघालेलं सामान मी बरंच पाहिलंय. आमच्याकडचं गोल टेबल तिथलंच: शिसवी, मध्ये एक जाड खांब, खाली तीन पंजे, उंची २८ इंच. पाय कापायचा विचारही मनात आला नाही. ते सोफ्यासमोर नाहीच, खिडकीपाशी आहे आणि दोन खुर्च्या. सकाळचा पेपर तिथे, मुलीचा अभ्यास तिथे. सेंटर टेबल सोफ्याच्या गुडघ्याशीच हवं हा हट्ट तुमचा, टेबलाचा नव्हे.

आणि खरं-खोटं ओळखायचं तर गोल टेबलाला एक सोपी परीक्षा आहे. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीच्या दिशेने जवळपास नाही. त्यामुळे अखंड लाकडाचं जुनं गोल टेबल अगदी गोल राहत नाही. टेप घेऊन दोन्ही दिशांनी मापा. आमचं एकीकडून पूर्ण तीन फूट, दुसरीकडून पाव इंच कमी. 'शंभर वर्षांचं' टेबल कंपासने काढल्यासारखं गोल निघालं तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

सुतारपेटी:
दोघंही वयावर भांडताय. आमच्या घरात तीन पिढ्या रंधा चालतो, म्हणून सांगतो: आधी सांधे बघा, मग वय विचारा.

कोपरा धरून टेबल तिरकं हलवा. डुगडुगलं तर सांधा सैल आहे, तो उघडून पुन्हा बसवता येतो, घाबरू नका. पण सांध्यावर बाहेरून लोखंडी पट्टी मारली असेल तर आत काहीतरी तुटलंय. खालच्या बाजूचे स्क्रूही पाहा. चार चिरांचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत आला. '१९०० सालच्या' टेबलाला तो सगळीकडे दिसला तर प्रश्न विचारा. एखादाच असेल तर कोणीतरी दुरुस्ती केली असेल, ते चालतं.

सागाला वाळवी लागत नाही हे अर्धसत्य. आतल्या गाभ्याला सहसा लागत नाही, बाहेरच्या फिकट लाकडाला लागते. पायाच्या आतल्या बाजूला टाचणीएवढी भोकं असतील तर टेबल पांढऱ्या कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी ताजी भुकटी पडलेली दिसली तर किडा आत जिवंत आहे.

अजून एक, खास नाशिककरांसाठी. सराफ बाजार, भांडी बाजार या भागातून निघालेलं सामान घेताना पाय घोट्यापर्यंत नीट तपासा. २००८ आणि २०१६ चे पूर आठवा. पाण्यात राहिलेल्या पायावर काळसर पट्टा राहतो आणि पॉलिशवाला आधी तोच झाकतो.

हळदकुंकू:
काका, सगळं पटलं, पण टेबल शेवटी घरात ठेवायचंय, प्रयोगशाळेत नाही.

माझा हिशोब मापांचा. टेबलाची उंची सोफ्याच्या बैठकीएवढी किंवा इंच-दोन इंच कमी. लांबी सोफ्याच्या दोन तृतीयांश. दोघांत साधारण पंधरा ते अठरा इंच जागा, म्हणजे गुडघेही आपटत नाहीत आणि कपही हाताशी येतो. आमच्या हॉलला ही मापं लावल्यावर पाहिलेल्यांतली निम्मी 'दुर्मीळ' टेबलं आपोआप बाद झाली. लहान मूल असेल तर संगमरवरी टोकदार कोपरे सरळ नाही म्हणायचं.

आणि सजावट म्हणजे टेबलावर पितळी घंगाळ, घंगाळात पाणी, पाण्यात पाकळ्या, बाजूला कंदील, अडकित्ता, बिनशाईची दौत… अहो, पोह्यांच्या बश्या कुठे ठेवायच्या? एक वस्तू ठेवा, तीही चटकन उचलता येणारी. पितळ घासायला कोण बसणार हे घरात आधी ठरवा. आमच्याकडे ते न विचारताच ठरलेलं असतं.

खोलीत सगळंच जुनं नको, हेही माझं मत. साधा नवा सोफा, उघडी फरशी आणि एकच जुनं टेबल. जुनं लाकूड, जुना गालिचा, जुना झोपाळा सगळं एकत्र आलं की हॉल लग्नाच्या सेटसारखा दिसतो.

चिरेबंदी:
दाराच्या टेबलाला नावं ठेवणाऱ्यांना एक प्रश्न. वाडा पडतो तेव्हा ते दार कुठे जातं ठाऊक आहे का? भावकीचे वाद, भाडेकरू, गळकं छप्पर, मग बिल्डर. तुळया भंगारवाला लगेच उचलतो, कारण त्या चिरून नवं फर्निचर होतं. नक्षीच्या दाराला कोणी विचारत नाही. नव्या फ्लॅटच्या चौकटीत ते बसतच नाही, उंची कमी आणि दोन फळ्यांचं. ते फुटून बंबात जाण्यापेक्षा कोणाच्या काचेखाली राहिलं तर काय बिघडलं? निदान त्या घरातली पोरं 'हे काय आहे?' असं विचारतात तरी.

ओटीवरून:
चिरेबंदी, आतापर्यंतचा सगळ्यात वजनदार मुद्दा तुमचा. जळणात जाणारं दार वाचवणाऱ्याशी माझं भांडण नाही. पण मागणी वाढली की धड उभ्या असलेल्या चौकटीतून दारं उखडली जातात, ते कोण पाहतं? आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात इमारतीपासून सुटी केलेली, किमान शंभर वर्षं जुनी वस्तूही पुरावस्तूच्या व्याख्येत येते. तिचा धंदा करायला परवाना लागतो, खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा 'शंभर वर्षांपूर्वीचं अस्सल' असं छातीठोक सांगणाऱ्याकडे परवाना मागून बघा. टेबलाचं वय झपाट्याने कमी होईल.

दार वाचवायचंच असेल तर भिंतीला उभं लावा. दाराला आडवं झोपवून त्यावर रिमोट ठेवणं मला झेपत नाही. हा माझा स्वभाव म्हणा.

देवळालीकर, तुमचं २८ इंची टेबल खिडकीशी शोभत असणार. पण मग ते सेंटर टेबल उरलं कुठे? माझंच म्हणणं तुम्ही सजवून सांगितलंत.

देवळालीकर:
नाव काहीही द्या, पाय शाबूत आहेत. कापाकापी न करता अँटिक घरात नांदतं एवढंच म्हणणं होतं.

हळदकुंकू:
सुतारकाका, मुद्द्याचं सांगा. सासूबाईंच्या सागवानी टीपॉयवर गरम पातेलं ठेवलं गेलं आणि पांढरं वर्तुळ उमटलं. पॉलिशवाला म्हणतो सगळं खरवडून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारू.

सुतारपेटी:
ताई, अजिबात खरवडू देऊ नका. ते लाखेचं पॉलिश असणार, उष्णतेने आणि वाफेने पांढरं पडतं. आधी टेबलाच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी थोडं स्पिरिट लावून बघा. पॉलिश चिकट होऊन कापसाला लागलं तर लाखच. मग जाणत्या माणसाकडून तेवढ्याच जागी स्पिरिटचा हलका हात आणि वर लाखेचे पातळ थर. लाखेचं हेच बरं, जुना थर नव्यात मिसळतो, डाग तेवढ्यापुरता सुधारता येतो. पीयूला ओरखडा पडला की अख्खा पृष्ठभाग घासावा लागतो. काम पावसाळ्यात काढू नका, दमट हवेत लाख वाळताना पुन्हा पांढुरकी होते. दिवाळीच्या आधी उघडीप मिळाली की करून घ्या.