हरवलेला दाखला आणि तीन काउंट्या

ग्रुप : वाड्यातली मंडळी

मंजिरी : सुजाताताई, तिकडे उठलीस का गं? पुण्यातून विचारतेय, तातडीचं आहे. ग्रेगच्या ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नवऱ्याला भारतात राहायला मिळणाऱ्या कार्डासाठी, आमचा लग्नाचा दाखला मागितलाय, तोही अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालेल असा सरकारी शिक्का असलेला. आणि आमचा दाखला हार्वे चक्रीवादळाच्या पुरात गेला. २०१७ ला घरात कमरेइतकं पाणी होतं, खालच्या कपाटातल्या फायलींचा नुसता लगदा झाला होता.

मंजिरी : दोन दिवस झाले शोधतेय. लग्न टेक्सासमध्ये पेअरलंडच्या मीनाक्षी मंदिरात लागलं, म्हणजे ब्राझोरिया काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्हा-तालुक्यासारखं). त्यांच्या साइटवर नाव नाही. मग म्हटलं तेव्हा आम्ही राहायला शुगरलंडला, म्हणजे फोर्ट बेंड काउंटी असेल. तिथेही नाही. आमचं लग्न झालं होतं ना नक्की?

नलूआत्या : काहीतरी बोलू नकोस. मी स्काइपवर अक्षता टाकल्यात. त्या लॅपटॉपच्या की-बोर्डात अजून तांदूळ निघतील.

अथर्व : मंजूताई, ही बघ लिंक. अख्ख्या अमेरिकेतले काउंटी रेकॉर्ड एका ठिकाणी. ट्रायल फ्री आहे, फक्त कार्ड नंबर टाकायचा.

सुजाताताई : अथर्व, ती लिंक आधी डिलीट कर. ते खाजगी दुकान आहे. कार्डातून दर महिन्याला पैसे जात राहतील आणि हातात येईल एक प्रिंटआउट, ज्यावर ना सही ना शिक्का. ओसीआयला त्याचा काडीचा उपयोग नाही.

सुजाताताई : मंजू, लग्न कुठे लागलं ते सोड. लग्नाचं लायसन्स कुठून काढलं होतंत?

मंजिरी : ते आठवत नाही गं. ग्रेग लंच टाइममध्ये मला कुठेतरी घेऊन गेला होता. लायसन्स आणि दाखला एकच ना?

सुजाताताई : तिथेच गाडी अडली आहे तुझी. टेक्सासमध्ये लग्नाआधी कुठल्याही काउंटी क्लार्ककडे, म्हणजे काउंटीच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाऊन लायसन्स काढायचं. ७२ तास थांबायचं आणि ९० दिवसांच्या आत राज्यात कुठेही लग्न लावायचं. गुरुजी त्याच कागदावर तारीख-ठिकाण लिहून सही करतात, आणि ३० दिवसांत तो कागद परत जातो. कुठे? ज्याने दिला त्याच क्लार्ककडे. नोंद तिथे होते. मांडव ब्राझोरियात पडला म्हणून कागद ब्राझोरियात नसतो.

बापूकाका : बरोबर. आपल्याकडे फ्लॅट कोथरूडला आणि दस्त हवेलीच्या भलत्याच नंबरच्या कार्यालयात नोंदवलेला, तसं. लोक नक्कल मागायला घराजवळच्या ऑफिसात जातात आणि आमच्या नावाने बोटं मोडतात. ३१ वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयात काढली, रोज एक तरी असा यायचा.

मंजिरी : ग्रेगला विचारलं. तेव्हा त्याचं ऑफिस ह्यूस्टन डाउनटाउनला होतं.

सुजाताताई : मग हॅरिस काउंटी. क्लार्कच्या साइटवर जा. हो, पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह दिसलं नाही म्हणून घाबरू नकोस, हॅरिसच्या क्लार्कची साइट एचसीटीएक्स डॉट नेटवर आहे. एरवी डॉट गव्ह बघायची सवय चांगली.

अथर्व : स्टेटकडून का नाही मागवायचं डायरेक्ट? ऑस्टिनला सगळं सेंट्रल असेल ना.

सुजाताताई : राज्याच्या आरोग्य खात्याकडे १९६६ पासूनच्या लग्नांची सूची आहे. पण ते फक्त ‘अशी नोंद आहे’ एवढं पत्र देतात. दाखल्याची प्रमाणित प्रत काउंटी क्लार्कच देतो. घटस्फोटाचा हुकूमनामा हवा असेल तर तो डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, ते ऑफिस वेगळं. मी १८ वर्षं टायटल कंपनीत, म्हणजे घरांच्या मालकीचे कागद तपासणाऱ्या कंपनीत आहे, तरी नवीन मुलं रोज एकदा तरी या दोघांत घोळ घालतात.

हेमंतदादा : आमच्याकडे कनेक्टिकटमध्ये तर काउंटी नुसती नकाशावर. १९६० मध्ये काउंटी सरकारच बंद केलं. घराचा डीड, म्हणजे खरेदीखत, टाउन क्लार्ककडे मिळतो, टाउन हॉलमध्ये.

बापूकाका : म्हणजे तालुका रद्द आणि सगळं ग्रामपंचायतीत! दप्तर कुठे ठेवतात?

हेमंतदादा : तळघरातल्या व्हॉल्टमध्ये काका. जाड जाड रजिस्टरं, उचलताना पाठ धरते. नवीन सगळं स्कॅन केलेलं आहे.

बापूकाका : वा. बघायला यायला पाहिजे.

मंजिरी : ताई, हॅरिसमध्येही नाही!!

सुजाताताई : कुठल्या नावाने शोधतेयस?

मंजिरी : माझ्या. म्हणजे ग्रेगच्या आडनावाने.

सुजाताताई : अगं, लायसन्स काढताना तू कुलकर्णीच होतीस ना! सूची अर्जावरच्या नावाने लागते. माहेरचं आडनाव टाक. नाहीतर नवऱ्याच्या नावाने शोध, आणि वर्ष एकच टाकू नकोस, मागेपुढे एक वर्ष सोड.

मंजिरी : सापडलं!!!! मे २०११. नाव, तारीख, फाइल नंबर, सगळं आहे.

नलूआत्या : पुन्हा एकदा अभिनंदन गं बाळा.

सुजाताताई : फाइल नंबर लिहून ठेव. गुरुवारी मी डाउनटाउनला जाणारच आहे, काउंटरवर प्रत घेते. लग्नाची नोंद टेक्सासमध्ये सार्वजनिक असते, त्यामुळे तुझं अधिकारपत्र वगैरे काही नको. जन्मदाखल्याचं मात्र तसं नाही, तो वाटेल त्याला देत नाहीत.

मंजिरी : आणि अपोस्टिल? इथे एक एजंट म्हणाला, झेरॉक्स नोटरी करून पाठवा, पुढचं आम्ही बघतो.

सुजाताताई : त्याला नमस्कार कर. टेक्सासचा नोटरी अशा नोंदलेल्या कागदाची प्रमाणित प्रत करूच शकत नाही, त्याला तो अधिकारच नाही. अपोस्टिलमध्ये राज्य एवढंच सांगतं की या क्लार्कची सही आणि हुद्दा खरा आहे. म्हणून क्लार्कची मूळ सही असलेली प्रत लागते. ती ऑस्टिनला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे पाठवायची, फॉर्मवर देश म्हणून भारत लिहायचा, एका कागदाचे १५ डॉलर. अमेरिकन कागदाचा शिक्का अमेरिकेतच. पुण्यात तो कोणी मारून देत नाही, एजंट काहीही म्हणो.

बापूकाका : सुजाता, तू कामाला आहेस तिथे घराचा सर्च कसा घेतात? आपला तीस वर्षांचा असतो, इंडेक्स टू काढून.

सुजाताताई : तसाच काका. देणाऱ्याची एक सूची आणि घेणाऱ्याची एक. आजच्या मालकापासून मागे मागे जायचं. प्रत्येक डीड, प्रत्येक कर्जाचा बोजा, तो फिटल्याचा कागद, सगळं काउंटी क्लार्ककडे नोंदलेलं. थांबा, एक गंमत दाखवते. माझ्याच घराचा डीड.

(फोटो)

बापूकाका : हे काय? मोबदला दहा डॉलर? अगं सुजाता, तू दहा डॉलरला बंगला घेतलास? इतकं कमी मूल्यांकन? आमच्याकडे असा दस्त आला असता तर मी टेबलावरूनच परत केला असता!

सुजाताताई : दहा डॉलर ‘आणि इतर मौल्यवान मोबदला’, असं पुढे लिहिलंय बघा. टेक्सासमध्ये विक्रीची खरी किंमत जाहीर करायची सक्ती नाही. म्हणून डीडवर सगळे तेच दहा डॉलर लिहितात.

बापूकाका : आणि मुद्रांक शुल्क?

सुजाताताई : नाहीच. २०१५ मध्ये तर मतदारांनी राज्यघटनेतच घालून टाकलं की घराच्या हस्तांतरणावर कर लावायचा नाही.

बापूकाका : मुद्रांक शुल्क नाही. (थोडा वेळ बोलू नका माझ्याशी.)

अथर्व : काका ऑफलाइन गेले 😂

सुजाताताई : किमतीचा अंदाज हवा असेल तर अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर बघायचं. ते पुन्हा काउंटी क्लार्कपासून वेगळं ऑफिस. पत्ता टाकला की मालकाचं नाव, घराचं क्षेत्रफळ, करासाठी धरलेली किंमत, सगळं दिसतं, अगदी शेजाऱ्याचंसुद्धा. आणि याच उघड माहितीवरून घर घेतल्यावर महिन्याभरात एक पत्र येतं. सरकारी दिसणारं, वर गरुड छापलेला, ‘तुमच्या डीडची प्रमाणित प्रत त्वरित मागवा’. मला आलं त्यात शंभराच्या आसपास डॉलर मागितले होते. क्लार्ककडे पानाला १ डॉलर आणि प्रमाणपत्राचे ५. तीन पानी डीडचे झाले ८ डॉलर.

हेमंतदादा : आम्हाला पण आलं होतं असं पत्र. हिने भरले पैसे. 🙊

अथर्व : ताई, प्रोजेक्टसाठी विचारतो. साइटवर नसलेलं काही हवं असेल तर? आपल्या आरटीआयसारखं काही आहे का? एफओआयए टाकायचा काउंटीला?

सुजाताताई : एफओआयए म्हणजे अमेरिकेचा माहिती स्वातंत्र्याचा कायदा, १९६६ चा, तो फक्त केंद्र सरकारच्या ऑफिसांना लागू. काउंटीला राज्याचा कायदा. टेक्सासचा १९७३ चा आहे, शार्प्सटाउनचं शेअर प्रकरण गाजलं त्यानंतर आलेला. अर्ज ईमेलने चालतो, कशासाठी हवं हे ते विचारू शकत नाहीत. साध्या कागदाला पानाला १० सेंट. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट : माहिती द्यायची नसेल तर सहसा नुसतं ‘नाही’ म्हणून चालत नाही. कामाच्या दहा दिवसांत त्यांनाच राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे जाऊन परवानगी मागावी लागते.

बापूकाका : म्हणजे अपील ऑफिसनेच करायचं? हे चांगलं आहे. आपल्याकडे तीस दिवस वाट बघायची, मग पहिलं अपील, मग दुसरं, आणि ते आयोगाकडे पडून राहतं.

अथर्व : काका परत आले!

सुजाताताई : पण मीही एकदा तोंडावर आपटलेय. हार्वेनंतर आमच्या भागातल्या एका ड्रेनेज ऑफिसला मी दोन पानी पत्र लिहिलं. आमच्या गल्लीत पाणी का तुंबलं, पंप वेळेवर का चालू झाले नाहीत, जबाबदार कोण. उत्तर आलं दोन ओळींचं : असा कोणताही अभिलेख नाही. रडायची बाकी होते. मग ऑफिसातल्या एका अनुभवी बाईंनी शिकवलं. ‘का’ विचारू नकोस, कागदाचं नाव घे. दुसऱ्या वेळी लिहिलं, अमुक पंपिंग स्टेशनची २५ ते ३१ ऑगस्ट २०१७ ची लॉगबुकं आणि त्याआधीच्या दोन वर्षांचे तपासणी अहवाल. ४० पानं आली. ५० पानांपर्यंत माणसाच्या वेळेचे पैसे सहसा लावत नाहीत, म्हणून आधी मुद्दाम एवढंच मागितलं.

बापूकाका : आपल्याकडेही हेच. ‘का’ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. वर महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत. लोक रामायण लिहून आणतात.

सुजाताताई : आणि तेही योग्य दारात. आमच्याकडे पाण्याचीच बघा. फोर्ट बेंडमध्ये बांध सांभाळणारे लेव्ही डिस्ट्रिक्ट वेगळे, ते ना शहराचे ना काउंटीचे. हॅरिसमध्ये फ्लड कंट्रोल डिस्ट्रिक्ट, १९३७ सालचं. आणि ॲडिक्स-बार्कर जलाशयातून पाणी सोडलं ते लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सने, म्हणजे केंद्र सरकार, म्हणजे तिथे एफओआयए. माझ्या मैत्रिणीने त्या जलाशयांची लॉगबुकं काउंटीकडे मागितली आणि तीन महिने घालवले.

नलूआत्या : पुरे झालं रे कायद्याचं. मंजू, जेवलीस का?

(गुरुवार, रात्री)

सुजाताताई : मंजू, प्रत मिळाली. फोटो टाकतेय. मूळ कागद उद्या ऑस्टिनला.

(फोटो)

मंजिरी : ताईईई. गुरुजींची सही बघ, तमिळमध्ये केलीय!

सुजाताताई : चालतं. खाली नाव टाइप केलेलं आहे.

बापूकाका : प्रती किती घेतल्यास? एक पासपोर्टला लागेल, एक बँकेला.

सुजाताताई : तीन घेतल्यात काका. तुमचीच पुतणी.

नलूआत्या : अगं पण यावर लग्नाची तारीख २१ मे लिहिलीय. चुकलंय ते. २२ ला होतं लग्न. मी दर वर्षी २२ ला मेसेज करते.

मंजिरी : आत्या, गोरज मुहूर्त होता. टेक्सासमध्ये शनिवारची संध्याकाळ, तेव्हा तुमच्याकडे रविवारची सकाळ.

नलूआत्या : मग इतकी वर्षं तू ‘थँक्यू आत्या’ म्हणत होतीस ते?

मंजिरी : आता काय सांगू. ग्रेग तारीख विसरतो, त्याला तुमच्या मेसेजवरूनच आठवतं. एक दिवस उशिरा.