मदत हवी आहे: सोनोग्राफीत 'नाबोथियन सिस्ट' निघाली, जाळून घ्यावी का?

वय ४१, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. पाळी पुढेमागे व्हायला लागली म्हणून सोनोग्राफी केली. गर्भाशय, अंडाशय ठीक. शेवटच्या ओळीत मात्र 'गर्भाशयमुखावर नाबोथियन सिस्ट, सर्वांत मोठी ९ मिमी'. डॉक्टर "काही करायचं नाही" म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. प्रश्न मला बाहेर आल्यावर सुचले, नेहमीप्रमाणे. दुखत नाही, पांढरं जात नाही, संबंधांनंतर रक्त नाही. पण थोरल्या जाऊबाई म्हणतात, गाठ ती गाठ, जाळून टाक. कुणी कॉटरी करून घेतली आहे का?

कोरा कागद:
ताई, 'गाठ' या शब्दानेच निम्मी भीती वाटते. ही चिकट स्रावाने भरलेली फुगी आहे. गर्भाशयमुखात असा स्राव तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. बाळंतपणानंतर किंवा सूज येऊन गेल्यावर तिथलं आवरण भरून येतं आणि कधीकधी ग्रंथीचं तोंडच झाकून टाकतं. स्राव आत साठतो, झालं. मार्टिन नाबोथ या जर्मन वैद्याने १७०७ मध्ये यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा त्याला ही चक्क स्त्रीबीजं वाटली होती!

हिचा कॅन्सर होत नाही. कॉटरीने आहे ती जाईल, नवीन होणार नाही याची हमी नाही, वर काही दिवस अंगावरून पाणी जाईल ते वेगळंच. माझं मत, हात लावू नका. पाळीचा आणि हिचा संबंध नाही, ते डॉक्टरांना स्वतंत्र विचारा.

दुपारची झोप:
मी फोडून घेतली होती, पण माझी ३ सेमीची होती. पॅप स्मिअर (कॅन्सरची शक्यता वेळीच कळावी म्हणून गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन करतात ती तपासणी) घेताना मुखच नीट दिसेना. ९ मिमीसाठी कशाला?

तुमची शेवटची पॅप कधी झाली ते सांगा. सिस्ट निरुपद्रवी आहे म्हणून ती तपासणी चुकवायची नसते. आणि पुढे कधी पाण्यासारखं भरपूर जायला लागलं, संबंधांनंतर रक्त दिसलं, किंवा रिपोर्टात सिस्टबरोबर घट्ट भागही आहे असं आलं, तर मात्र लगेच दाखवा.

मूळ प्रश्नकर्ती:
पॅप... धाकटी झाल्यावर एकदा. ती आता सातवीत आहे. उद्याच अपॉइंटमेंट घेते. जाऊबाईंनी तर कधीच केलेली नाही, त्यांनाही ओढत नेते.