जागा लागते, पण प्रवेश होत नाही: पहिल्या पिढीतल्या मुलांसाठी आधीपासून काय करून ठेवावं?

तालुका_अभ्यासिका:
आमच्या अभ्यासिकेत विज्ञान शाखेची अकरावी-बारावीची मुलं येतात. बहुतेकांच्या घरातून कॉलेजात आजवर कुणी गेलेलं नाही. सीईटीचा सराव होतो, गुण बरे पडतात, कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीत जागाही लागते. तरी काही मुलं प्रवेश पक्का करत नाहीत. विचारलं की ‘कागद नव्हते’ नाहीतर ‘पैसे जमले नाहीत’, एवढंच. अभियांत्रिकी-फार्मसीकडे जाणाऱ्यांसाठी शिकवणीखेरीज नेमकं काय करून ठेवावं आणि केव्हा?

जुनी_दप्तरं:
राखीव प्रवर्गातल्या प्रत्येक मुलाचा जात वैधतेचा (जातीचा दाखला समितीकडून पडताळून घेण्याचा) अर्ज कुठवर आलाय ते आधी बघा. बाकीचे दाखले काही दिवसांत निघतात, वैधतेला महिने लागतात. प्रकरण चौकशीसाठी दक्षता पथकाकडे गेलं तर विचारूच नका. म्हणून अर्ज अकरावीतच, कॉलेजच्या पत्रासह. अनुसूचित जमातीची पडताळणी समिती वेगळी असते, हे आधी नीट सांगा.

अर्ज अडतो तो पुराव्यावर. मानीव दिनांकाआधीचा (प्रत्येक प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेआधीचा), जातीची नोंद असलेला कागद समितीला हवा असतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आता आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांचा दाखला कुठून आणणार? अशा वेळी आजोबांचे भाऊ, चुलत आजोबा यांची नावं गावच्या जुन्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत शोधायची. तिथेही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. नाव साध्या बोलीतलं असतं, आडनाव बहुधा नसतंच, त्यामुळे वडिलांच्या नावावरून आणि सालावरून जुळवावं लागतं. वडील, सख्खे काका किंवा चुलत भाऊ यांपैकी कुणाकडे वैधता असेल तर वंशावळीच्या शपथपत्रासोबत ती जोडा, काम पुष्कळ हलकं होतं. आईच्या माहेरचे कागद इथे सहसा चालत नाहीत.

नॉन-क्रीमी लेयर (उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. २०२६-२७चा प्रवेश असेल तर ३१ मार्च २०२७. त्यासाठी तीन वर्षांचं उत्पन्न लागतं. ईडब्ल्यूएसचा (खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांचा) दाखलाही आर्थिक वर्षापुरताच. म्हणून हे दोन्ही एप्रिलमध्येच काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रात रांग लागते आणि तलाठ्याच्या अहवालाला फायली तुंबतात.

शुल्क_तक्ता:
कागदांबद्दल वरचं सगळं बरोबर. पण कागद पूर्ण असलेली मुलंही गळतात, कारण कॉलेजच्या खिडकीवर भरायची रक्कम त्यांना त्याच दिवशी कळते. पसंतीक्रम भरण्याआधीच प्रत्येक कॉलेजसमोर ‘पहिल्या दिवशी हातात किती हवेत’ हा आकडा लिहून घ्या.

मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार असतं. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळं दाखवलेलं असतं. सगळी गोम तिथेच आहे. समजा एकूण १,००,००० आहे, त्यात शिक्षण शुल्क ८८,००० आणि विकास शुल्क १२,०००. खुल्या प्रवर्गातला, उत्पन्न ८ लाखांच्या आतला मुलगा राजर्षी शाहू महाराज योजनेत बसला तर त्याला शिक्षण शुल्काच्या निम्मे, म्हणजे ४४,००० माफ, ५६,००० भरायचे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) किंवा ओबीसीतल्या मुलीला ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. तरी विकास शुल्काचे १२,००० राहतातच. ‘मुलींना सगळं फुकट’ एवढंच ऐकून आलेले पालक इथे गडबडतात आणि परत फिरतात.

आणखी एक गोष्ट पालकांना अगदी स्पष्ट सांगा: व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर प्रवेश घेतला की यातलं काहीच मिळत नाही. ‘आत्ता या, शिष्यवृत्ती बसवून देऊ’ म्हणणारे एजंट गावोगाव फिरतात.

टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, जागाही विसरू नका. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफ. पण त्यांचा चॉइस कोड (पसंतीक्रमात टाकायचा क्रमांक) वेगळा असतो. पसंतीक्रमात तो स्वतंत्र टाकला नाही तर त्या जागेसाठी विचारच होत नाही. या जागांची गुणांची रेषा नेहमीच्या जागेपेक्षा बरीच वर जाते, तेव्हा दोन्ही कोड टाकायचे. आणि पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर जागा आपोआप पक्की धरली जाते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही, म्हणून परवडणार नाही असं कॉलेज हौसेने एक नंबरला टाकू नका.

राहण्याचा खर्च वेगळा धरा. समाजकल्याणच्या वसतिगृहासाठी प्रवेशानंतर वेगळा अर्ज असतो. तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना राहण्या-जेवणासाठी स्वाधार योजनेची मदत: पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००. ही रक्कम उशिरा येते. खोलीचं डिपॉझिट आणि पहिल्या काही महिन्यांची मेस तिच्या भरवशावर ठेवू नका.

खाते_तपासा:
माझा मुद्दा फक्त बँकेचा, पण महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरून येणारे) पैसे सगळ्यात जास्त इथेच अडतात.

खात्याला आधार ‘लिंक’ असणं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) ‘सीडिंग’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जात खाते क्रमांक कोणताही लिहा, पैसे जातात ते आधार ज्या खात्याशी शेवटचं सीड झालंय तिथे. मुलगा शहरात जाऊन नवं खातं उघडतो, फॉर्मवरच्या सगळ्या चौकोनांत टिक करतो आणि सीडिंग त्या खात्यावर सरकतं. पुढे ते खातं बंद पडतं आणि हप्ता परत जातो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ दिसतं, ते अर्जाआधी बघून घ्या.

दुसरं, खातं कसलं आहे तेही बघा. केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) पूर्ण न झालेल्या ‘स्मॉल’ खात्यात एका वेळी ५०,०००च्या वर शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षभरात एक लाखाच्या वर जमा होत नाही. दहावीच्या आधी उघडलेलं अज्ञान (अठरा वर्षांखालच्याचं) खातंही अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करून घ्यावं लागतं.

अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातला शुल्काचा भाग सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. घरात अडचण असते, पैसे खर्च होतात, आणि मग कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवतं. खात्यात पैसे आले म्हणजे सगळे आपले नव्हेत, हे आई-वडिलांना समोर बसवून सांगावं लागतं.

तालुका_अभ्यासिका:
खूप उपयोगी. महाडीबीटीचे अर्ज इथली मुलं सायबर कॅफेतून भरतात. तिथे काय पाहावं? आणि ‘पहिल्या दिवशीचे’ पैसे नसतीलच तर?

जुनी_दप्तरं:
कॅफेवाला नोंदणीला स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो, हा नेहमीचा घोळ. अर्ज त्रुटीसाठी परत आला की मेसेज त्यालाच जातो आणि मुदत निघून जाते. नंबर मुलाचा, पासवर्ड मुलाच्या वहीत. ‘प्रवेश कॅपमधून’ हाच पर्याय आणि कॅपचा अर्ज क्रमांक बरोबर आहे ना ते सादर करण्याआधी बघायचं. आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे; फरक असेल तर आधारच दुरुस्त करा, बोर्डाची दुरुस्ती फार लांबते. दुसऱ्या वर्षी नवा अर्ज नाही, नूतनीकरण करायचं.

शुल्क_तक्ता:
पैशांसाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज जागा लागल्याबरोबर करायचा, कॉलेजने मुदत दिल्यावर नाही. चार लाखांपर्यंत मार्जिन (स्वतः भरायचा वाटा) मागितलं जात नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत ठरावीक दर्जेदार संस्थांसाठी जामीनदारही लागत नाही, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. कॉलेज त्या यादीत आहे का ते पसंतीक्रम भरतानाच तक्त्यात एका रकान्यात टाका. बँक कॉलेजकडून शुल्काचं विवरणपत्र मागते. ते देण्याआधी निम्मी फी भरा असं कॉलेज म्हणालं तर प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंतीचं पुढे काहीच होत नाही.