अनुभव धागा: पोट दिसायच्या आधीचे तीन महिने

डोहाळजेवणाचे फोटो सगळ्यांकडे असतात. पण पोट दिसत नाही आणि कोणाला सांगायचंही नसतं, त्या दिवसांबद्दल कोणी विचारत नाही. मला सहाव्या आठवड्यापासून कुकरची शिट्टी झाली की ढवळायचं. जन्मभर आवडीने खाल्लेल्या आंबेमोहोराचाच वास नको झाला. नाव 'मॉर्निंग सिकनेस', पण मला मळमळ सुरू व्हायची संध्याकाळी. स्वयंपाक, थोरलीचा अभ्यास, नवऱ्याशी दोन शब्द, सगळं त्यात जायचं. तुम्ही ते दिवस कसे काढलेत, लिहा. 'सगळ्यांनाच होतं' एवढं मात्र कोणी म्हणू नका.

डोंबिवलीहून:
पर्समध्ये दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून ठेवायचे. जाड असतात, गळत नाहीत. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना बसता येतं, पण पोट नसताना चढायचा धीर होईना. एकदा चढले. एका काकांनी विचारलं, "तुम्हाला काय झालंय?" घरी सासूबाईंनाही अजून सांगितलं नव्हतं आणि तिथे भर गर्दीत सोनोग्राफीचा कागद काढून दाखवावा लागला.

बीड जिल्ह्यातून, शिक्षिका:
मला उलट्या नव्हत्या, दर तासाला लघवीला जावं लागायचं. शाळेतल्या बाथरूमला पाणी नाही, म्हणून मी पाणी पिणंच सोडलं. दहाव्या आठवड्यात जंतुसंसर्ग होऊन ताप आला. कृपा करून असं करू नका.

पुण्याहून:
५४ किलोची मी ४९ वर आले. पाण्याचा घोटही टिकेना. आई म्हणायची, डोहाळे कडक आहेत, सोस थोडं. लघवीत किटोन (अन्न न मिळाल्याने शरीर चरबी जाळतंय याची खूण) निघाले तेव्हा अ‍ॅडमिट केलं, सलाइन लावलं. असं तीनदा झालं. या आजाराला हायपरेमेसिस म्हणतात, हे मला तिसऱ्या वेळी कळलं. तोवर मी आंघोळ बसून करत होते, ब्रश तोंडात घालायची भीती वाटायची आणि हे बाळच नको, असं एका रात्री मनात येऊन गेलं होतं. ते मी आज पहिल्यांदा लिहितेय. २०२३च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये संशोधन आलं, की गर्भाकडून येणारं जीडीएफ१५ हे संप्रेरक यामागचं मोठं कारण आहे. आधीपासून ज्यांच्या शरीरात ते कमी असतं, त्यांना त्रास जास्त होतो. वाचून खूप रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं, मीच मनाने कच्ची. वजन झरझर उतरत असेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कोल्हापूरहून:
माझा त्रास थकवा. जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये ओढणी अंथरून पंधरा मिनिटं पडायचे. गरोदरपणातल्या आजारपणासाठी एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजेची तरतूद १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यातच होती, हे मला बाळ दोन वर्षांचं झाल्यावर समजलं.

नाशिकहून, वय ६१:
द्राक्षाच्या बागेत औषध मारलं की त्या वासाने मी बांधावर जाऊन ओकायची. मोठी जाऊ गुपचूप आलेपाकाची वडी हातावर ठेवायची आणि माझी ओळ स्वतः उरकायची. कोणाला कळू दिलं नाही तिने.

पुन्हा मी:
डोंबिवलीच्या ताई, दुधाच्या पिशव्यांचं आत्ताच बहिणीला कळवलं. तिला आठवा आठवडा आहे. घरात अजून कोणाला माहीत नाही.