किनाऱ्यावरचं अंगण आणि पिवळी पडणारी हिरवळ : तुमचे अनुभव सांगा

गुहागर : आमचं घर पुळणीला लागून. तीन वर्षांपूर्वी आईच्या हौसेखातर अंगणात मेक्सिकन लॉन लावलं. पावसाळ्यात डोळे निवतात, पण मार्चपासून पात्यांची टोकं करपू लागतात आणि मे महिन्यात जागोजागी टक्कल. आई रोज संध्याकाळी पाणी मारते आणि रोज हळहळते. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी काय केलंत ते सविस्तर लिहा. फसलेलंही लिहा.

मुरुड, दापोली : आधी विहिरीच्या पाण्याची चव घ्या. आमची विहीर एप्रिलनंतर मचूळ होते. रोज थोडं थोडं शिंपलं की पाणी उडून जातं आणि मीठ वरच राहतं. आमच्याकडे मातीवर पांढरा थर दिसायला लागला तेव्हा कुठे हे लक्षात आलं. आता तीन दिवसांनी एकदा, पहाटे, पण माती खोल भिजेल इतकं पाणी देतो. मीठ मुळांच्या खाली उतरतं. मेक्सिकन काढून हरळीच्या कांड्या लावल्या. तिला ऊन मात्र हवंच, ते मिळालं तर खारं बरंच सोसते. गणपतीला दूर्वाही घरच्याच होतात.

वेंगुर्ला : आमचा वैरी वारा. तो अडवायला चिऱ्याची उंच भिंत बांधली, खर्च केला, आणि झाडं आणखीच जळली. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे घुमून खाली आपटतो. त्याला अडवायचं नसतं, गाळायचं असतं, हे एका जुन्या बागायतदार काकांनी समजावलं. मग समुद्राच्या बाजूला सुरूची झाडं, त्यांच्या आत उंडी आणि भेंड, बुडाशी करवंद असं लावलं. रोपं लहान असताना झावळ्यांचे झाप उभे केले होते, नाहीतर एकही जगलं नसतं. चार वर्षं गेली, पण आता आतल्या जास्वंदीची पानं कडेने जळत नाहीत. वारा फार सुटला तर दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं गोड्या पाण्याने धुते.

रत्नागिरी : आमचं उलट. घर कातळावर, वर वीतभर माती. जुलैत पाणी तुंबतं आणि गवतापेक्षा शेवाळ जास्त. एकदा ब्लीचिंग पावडर टाकली, गवतही गेलं. कृपया कुणी तसं करू नका, ती चिऱ्याच्या पायवाटेपुरतीच ठेवा, तीही खराट्याने घासून झाल्यावर. शेवटी उताराच्या दिशेने चर काढला, दाबून घट्ट झालेली माती बागेच्या दातेरी काट्याने भोसकली, फणसाची एक फांदी उतरवून ऊन आत घेतलं. माती तपासली तर आम्ल निघाली, म्हणून थोडा चुना दिला. शेवाळ पूर्ण गेलं नाही, पण हिरवळ पुढे आहे.

श्रीवर्धन : ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या माडपोफळी आडव्या झाल्या. सावलीतली सगळी रोपं एका आठवड्यात उन्हाने होरपळली. अजून लिहवत नाही. कुंपणाजवळ वाळू येऊन साचते, तिथे मर्यादवेल सोडली आहे, ती वाळू धरून ठेवते.

मालवण : माडाखाली लॉनचा हट्ट नको गो. सावली, मुळं, वरून झावळ पडणार. आम्ही खळं, म्हणजे अंगण, शेणाने सारवतो, कडेला हळद, अळू, गवती चहा. माडाच्या आळ्यात पातेरा, म्हणजे सुका पाला, भरतो.

गुहागर : पाणी चाखलं. मचूळच आहे. आईला दाखवलं, तिने पाइप लगेच बंद केला. पाऊस तोंडावर आलाय, म्हणून हरळी आताच लावतो. वेंगुर्ल्याच्या ताई, पुळणीवर उंडीची फळं सापडली, ती तशीच पुरायची का?

वेंगुर्ला : नाही, वरचं कठीण कवच हलक्या हाताने फोडा, आतली बी दुखवू नका. तशी लवकर रुजते. आणि चार जास्त लावा, खेकडे कोवळे कोंब खातात.