कसूती चालुक्य राण्यांची? कापड दाखवा!

सुईदोरा_पार्ले
हळदीकुंकवाच्या ग्रुपवर कसूतीच्या भरतकामावर पोस्ट फिरतेय: 'कसूती म्हणजे चालुक्य राण्यांनी जन्माला घातलेली १४०० वर्षांची अस्सल मराठी कला.' तिथे बोलले तर 'तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते'. म्हणून इथे लिहितेय. बदामी-ऐहोळेला चालुक्यांची देवळं आहेत, मान्य. पण त्या काळातलं कसूती काढलेलं चिंधीएवढं तरी कापड कुणी पाहिलंय? गोपुर, रथ, अंबारीचा हत्ती, पाळणा, तुळशीवृंदावन हे सगळं घरच्या बायकांनी रोजचं बघून, कापडाचे धागे मोजून उतरवलं. छापा नाही, पेन्सिल नाही, दोऱ्याला गाठसुद्धा नाही. श्रेय मात्र राणीला!

गिरगावचा_नाना
राणी सोडा, 'मराठी'वर आक्षेप का? धारवाड, विजापूर, बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. आणि कसूती काढलेली इरकल कोण नेसायचं? आमच्या आज्याच ना?

धारवाडची_सून
आला सीमाप्रश्न! नाना, राज्य मुंबईचं होतं म्हणून सुई गिरगावची होत नाही. इरकल विणली जाते इळकलला, बागलकोट जिल्ह्यात. माझ्या सासरी नवरीला काळी चंद्रकाळी साडी कसूती काढूनच द्यायचे. कसूतीचा जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा कर्नाटकच्या हस्तकला महामंडळाकडे आहे.

गिरगावचा_नाना
जीआय म्हणजे सरकारी कागद. कागदावर तर बेळगावही त्यांचंच आहे! आणि सोलापूर-कोल्हापूरच्या बायका तेव्हा काय, नुसत्या वाती वळत होत्या?

सुईदोरा_पार्ले
नाना, बेळगावसाठी वेगळा धागा काढा. हात जोडते.

टाकेमोजणी
राण्यांचा सोस सगळीकडेच. इंग्लंडात पांढऱ्या कापडावर काळ्या रेशमाचं भरतकाम १५०१ मध्ये स्पेनहून आलेल्या राजकन्या कॅथरीनने आणलं म्हणतात. पण कवी चॉसरने चौदाव्या शतकातच सुताराच्या बायकोच्या कॉलरवर काळं रेशीम दाखवलंय! आणि आपल्या कसूतीतला गवंती टाका तिकडे 'होल्बाइन टाका', का तर होल्बाइन नावाच्या चित्रकाराने राणी जेन सीमोरच्या बाह्यांवरची नक्षी रंगवली. टाके घातले बायांनी, नाव लागलं बुवाचं.

दादरची_खरेदी
चॉसर राहू दे. मला दादरला 'हातची कसूती' म्हणून साडेसहा हजारांना साडी गळ्यात मारली. घरी उलटून बघते तर मागे सगळा पांढरा दोरा आणि चिकटवलेला कागद. मशीन! बायांनो, मागची बाजू पुढच्यासारखीच दिसली तरच घ्या.

धारवाडची_सून
असं सरसकट नसतं हो. कसूतीत चार टाके. गवंती आणि मुरगी दोन्हीकडून सारखी दिसते, कारण एकदा धावदोरा घालत जायचं आणि परत येताना रिकाम्या जागा भरायच्या. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, मागून वेगळाच दिसणार. नेयगी म्हणजे विणल्यासारखा दिसणारा साधा धावदोरा, तीही मागून उलटी. उगाच चांगल्या बाईचं काम मशीनचं ठरवाल.

दादरची_खरेदी
म्हणजे मी फसले तो माझाच अडाणीपणा? छान!

धारवाडची_सून
कागद निघाला ना? मग मशीनच. पण सगळ्यांना हातचं हवं आणि भाव मशीनचा, हेही खरंय. शेजारच्या काकू पदर भरता भरता डोळ्यांनी अधू झाल्या, त्यांची मजुरी ऐकलीत तर साडेसहा हजार बोलायची लाज वाटेल.

सुईदोरा_पार्ले
ते पैसे काकूंना मिळाले असते तर गोष्ट वेगळी. इथे दुकानदाराला मिळालेत.

गिरगावचा_नाना
बरं बाबा, कसूती कर्नाटकची. घ्या, आणखी एक दिली! पण संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून मिरवायचं आम्हीच शिकवलं, ते तरी ठेवाल का आमच्याकडे?

टाकेमोजणी
ठेवलं नाना. त्याचा जीआय तुमच्या नावावर.

दादरची_खरेदी
तुमचं चालू द्या. बिल हरवलंय, साडी परत घेतील का, एवढं कुणी सांगेल?